भास्कराचार्य आणि मिश्रणाचा हिशेब

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ साली झाला. हे साल कोणा इतिहासकाराने अंदाजाने ठरवलेले नाही. ते स्वतः आचार्यांनीच आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. आपल्याकडील जुन्या विद्वानांचा काळ ठरवताना संशोधकांची पुष्कळ दमछाक होते, कारण बहुतेकांनी स्वतःविषयी चकार शब्द लिहिलेला नाही. भास्कराचार्यांनी मात्र जन्माचे साल आणि ग्रंथ लिहिला तेव्हाचे वय ही दोन्ही एकाच श्लोकात बसवली. त्या काळी अंकांसाठी शब्द वापरण्याची पद्धत होती. रस म्हणजे सहा आणि गुण म्हणजे तीन. उजवीकडून डावीकडे वाचले की या दोन शब्दांचे छत्तीस होतात. जन्मशकाच्या शेवटी छत्तीस आणि ग्रंथ लिहिताना वयही छत्तीस, म्हणून तीच शब्दांची जोडी त्यांनी दोनदा योजली. अंकांशी असा खेळ करण्याची त्यांना हौसच होती.

सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड हे आपले गाव, असेही ते सांगतात. हे गाव नेमके कोणते याविषयी विद्वानांत वाद आहे. कोणी विजापूर म्हणतात, कोणी बीड म्हणतात, तर कोणी खानदेशातील चाळीसगावजवळचे पाटण दाखवतात. आपण त्या वादात शिरायला नको. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. घराणे शांडिल्य गोत्राचे, आणि विद्या त्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेली. पूर्वजांपैकी त्रिविक्रम हे कवी होते, आणि त्यांच्या मुलाला भोज राजाने विद्यापती ही पदवी दिली होती. अशा घरात मुलाला वेगळ्या शाळेत घालण्याची गरज पडत नाही. ओसरीवर धूळपाटी पसरायची, तिच्यावर बोटाने अंक काढायचे, चुकले की हात फिरवून पुसायचे. आपण आजही धुळाक्षरे हा शब्द वापरतो, तो याच पाटीवरून आला.

त्या वेळी दख्खनवर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. भास्कराचार्यांच्या हयातीतच त्या राज्याला उतरती कळा लागली आणि देवगिरीचे यादव वर आले. राजे बदलत होते, पण बाजार चालूच होता. व्यापाऱ्यांचे तांडे बैल लादून घाट चढत-उतरत होते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क, असे नाण्यांचे कोष्टक होते. सोन्याला गुंजा आणि मासे, धान्याला वेगळी मापे. ही कोष्टके पाठ असल्याशिवाय कोणाला ना दुकान चालवता येई, ना दुकानातून फसल्याशिवाय बाहेर पडता येई.

छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणि हा मोठा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. खरे प्रयोजन आकाशाचे होते. ग्रह कुठे आहेत, ग्रहण केव्हा लागेल, हे ठरवायचे होते. त्यासाठी आधी अंकगणित पक्के हवे, म्हणून लीलावती पहिली. पण ग्रहांच्या वाटेवर निघालेल्या या माणसाने पहिल्या भागात काय भरले ते पाहा: केशर, चंदन, कापूर, तांदूळ, मूग, सोने, व्याज, भागीदारी. निम्मा बाजारच त्याने श्लोकांत बसवला आहे.

लीलावती या नावाची एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. लीलावती ही आचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाचा मुहूर्त चुकू नये म्हणून घटिकापात्र पाण्यात ठेवले होते. ती कुतूहलाने वाकून बघत असताना तिच्या पोशाखातला एक मोती त्या पात्रात पडला, भोक बुजले, मुहूर्त टळला. आणि तिचे दुःख हलके व्हावे म्हणून वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. गोष्ट गोड आहे. पण ती सांगितली आहे अकबराच्या दरबारातील फैजी या कवीने, १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर करताना. म्हणजे आचार्यांच्या ग्रंथानंतर चारशे सदतीस वर्षांनी. मूळ ग्रंथात ही कथा नाही. त्यात प्रश्न विचारताना आचार्य कधी एखाद्या मुलीला हाक मारतात, कधी मित्राला, कधी गणकाला, तर कधी सरळ वाण्याला. मला स्वतःला मोत्याच्या गोष्टीपेक्षा ही वाण्याला मारलेली हाक जास्त आवडते. ज्याला हिशेब रोज करावा लागतो, त्यालाच तो विचारला आहे.

आता गणिताकडे वळू.

गुणोत्तर आणि मिश्रण यांची सगळी उदाहरणे आचार्य एका खुंटीला बांधतात. ती खुंटी म्हणजे त्रैराशिक. तीन राशी माहीत असतात, चौथी काढायची असते. पहिली राशी प्रमाण, दुसरी तिचे फळ, तिसरी इच्छा. पहिली आणि तिसरी एकाच जातीच्या हव्यात: पैसे तर पैसे, वजन तर वजन. फळाला इच्छेने गुणावे आणि प्रमाणाने भागावे. त्यांचे उदाहरण केशराचे आहे. अडीच पळे केशर तीन-सप्तमांश निष्कांना मिळते, तर नऊ निष्कांना किती मिळेल? पैसे एकवीस पट झाले, म्हणून केशरही एकवीस पट. उत्तर साडेबावन्न पळे. विष्णूने जसे सगळे जग व्यापले आहे तसे त्रैराशिकाने बहुतेक सारे गणित व्यापले आहे, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. अतिशयोक्ती वाटेल, पण पुढची प्रकरणे वाचल्यावर ती वाटेनाशी होते.

वर्गात मी पाहतो, मुले गुणाकार-भागाकारात क्वचित अडतात. ती अडतात ते शब्दांत. आपल्या बेटावर मूल उदाहरण इंग्रजीत वाचते, त्याचा अर्थ क्रिओलमध्ये लावते, आणि मग हळूच विचारते: सर, इथे गुणायचे की भागायचे? हा प्रश्न आला की समजावे, मुलाला उदाहरणातली वस्तूच दिसलेली नाही. शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गात आम्हाला यावर तक्ते, चौकटी, रंगीत खडू असे पुष्कळ उपाय शिकवले गेले, आणि ते उपयोगीही आहेत. भास्कराचार्यांचा उपाय मात्र सगळ्यांत जुना. त्यांनी उदाहरणात अशी वस्तू ठेवली की तिचा वास यावा.

खिचडीचेच बघा. एक वाटसरू दुकानापुढे उभा आहे. एका द्रम्माला साडेतीन मापे तांदूळ मिळतात, आणि एका द्रम्माला आठ मापे मूग. त्याच्याजवळ फक्त तेरा काकिण्या आहेत. तो वाण्याला म्हणतो की एवढ्या पैशांत दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग दे, आणि लवकर दे, कारण आम्हाला पटकन जेवून निघायचे आहे, तांडा पुढे जाईल. घरोघरच्या आयांना प्रमाण सांगायला नको: दोन वाट्या तांदळाला एक वाटी मूग. आठशे-नऊशे वर्षांत त्यात फारसा फरक पडलेला नाही.

पण हिशेब वाटतो तितका सोपा नाही. पुष्कळ मुले तेरा काकिण्यांचेच दोनास एक असे भाग करतात, आणि तिथेच फसतात. दोनास एक हे प्रमाण मापांचे आहे, पैशांचे नाही. तांदूळ महाग, मूग स्वस्त. म्हणून आधी एका पूर्ण वाट्याची किंमत काढावी लागते. दोन मापे तांदळाला चार-सप्तमांश द्रम्म पडतात, एक माप मुगाला एक-अष्टमांश द्रम्म. दोन्ही मिळून एकोणचाळीस-छप्पनांश द्रम्म झाले. वाटसरूजवळ आहेत तेरा काकिण्या, आणि द्रम्माच्या चौसष्ट काकिण्या होतात, म्हणजे त्याच्याजवळ तेरा-चौसष्टांश द्रम्म आहेत. आता त्रैराशिक लावायचे: एकोणचाळीस-छप्पनांश द्रम्मांना एक वाटा, तर तेरा-चौसष्टांशांना किती? सात-चोविसांश वाटा. तेव्हा मूग मिळतील सात-चोविसांश माप आणि तांदूळ त्याच्या दुप्पट, म्हणजे सात-बारांश माप. पैशांकडे पाहिले तर तांदळाला दहा पूर्णांक दोन-तृतीयांश काकिण्या आणि मुगाला दोन पूर्णांक एक-तृतीयांश. बेरीज बरोबर तेरा. मापे दोनास एक असली तरी पैशांचे प्रमाण साडेचारास एकाच्याही थोडे वर गेले.

या एका उदाहरणात मिश्रणाच्या गणिताची सगळी मेख आहे. काय मोजले जात आहे हे न बघता आकडे वाटून टाकले तर वाणी तरी बुडेल किंवा वाटसरू तरी उपाशी राहील. असाच दुसरा प्रश्न कापूर, चंदन आणि अगरू यांच्या धुपाचा आहे, तिथे भाग एक, सोळा आणि आठ असे आहेत. कापूर भलताच महाग, म्हणून त्याचा एकच भाग.

भागीदारीचा प्रश्न याहून सोपा. तीन व्यापाऱ्यांनी एक्कावन्न, अडुसष्ट आणि पंच्याऐंशी असे भांडवल घातले. धंदा करून सगळे मिळून तीनशे झाले. कोणाला किती? भांडवलांची बेरीज दोनशे चार. प्रत्येकाच्या भांडवलाला तीनशेने गुणून दोनशे चाराने भागले की पंचाहत्तर, शंभर आणि सव्वाशे असे वाटे पडतात. भाऊबंदकीत वाटणीवरून जन्माचा अबोला धरणाऱ्यांनी हे उदाहरण एकदा सोडवून पाहायला हरकत नाही.

व्याजाची उदाहरणे वाचताना मात्र अंगावर काटा येतो. शंभराला महिना पाच, हा दर आचार्य अगदी सहज वापरतात. म्हणजे वर्षाला शेकडा साठ! मुद्दल आणि व्याज मिळून वर्षाअखेर हजार झाले, तर मुद्दल किती आणि व्याज किती? शंभराचे वर्षाला एकशे साठ होतात, म्हणून हजारातले सहाशे पंचवीस मुद्दल आणि तीनशे पंचाहत्तर व्याज. यालाही ते मिश्रणच म्हणतात, कारण दोन वेगळ्या गोष्टी एका राशीत मिसळल्या आहेत आणि त्या निवडून काढायच्या आहेत. ज्या घरांतल्या जुन्या माणसांनी दुकानदाराच्या वहीत नाव चढलेले पाहिले आहे, त्यांना ही निवड किती मोलाची असते ते सांगायला नको. वहीतला आकडा एकच दिसतो. त्यात आपण घेतलेले किती आणि त्याने चढवलेले किती, हे ज्याला काढता येते तोच मान वर करून बोलू शकतो.

आता सोन्याचे प्रकरण. मिश्रणाच्या व्यवहारात याला वेगळा मान आहे, आणि माझ्या मते लीलावतीतला हा सर्वांत सुंदर भाग आहे.

सोन्याची शुद्धता त्या काळी वर्णात मोजत. आपण मराठीत तिला कस म्हणतो, आणि बावनकशी सोने ही बोली त्यातूनच आली. आचार्यांच्या उदाहरणांत सोळा वर्णांचे सोने सर्वांत वरचे. आज आपण चोवीस कॅरट म्हणतो, तसे. त्यांचा प्रश्न असा: तेरा कसाचे दहा मासे, बारा कसाचे चार मासे, अकरा कसाचे दोन मासे आणि दहा कसाचे चार मासे असे सोने एका मुशीत वितळवले, तर होणाऱ्या लगडीचा कस किती?

इथे पुष्कळ जण तेरा, बारा, अकरा, दहा यांची बेरीज करून चाराने भागतात आणि साडेअकरा म्हणून मोकळे होतात. ते चूक आहे. तेरा कसाचे सोने दहा मासे आहे आणि अकरा कसाचे दोनच मासे. दोघांचे मत सारखे कसे धरणार? प्रत्येक तुकड्याच्या वजनाला त्याच्या कसाने गुणायला हवे. एकशे तीस, अठ्ठेचाळीस, बावीस, चाळीस. बेरीज दोनशे चाळीस. एकंदर वजन वीस मासे. दोनशे चाळीस भागिले वीस म्हणजे बारा. लगड बारा कसाची.

आचार्य इथे थांबत नाहीत. हेच वीस मासे सोने शुद्ध करताना हीण जळून सोळा मासे उरले, तर कस किती होईल? आणि सोळा कसाचे शुद्ध सोने केले, तर किती मासे उरेल? पहिल्याचे उत्तर पंधरा कस, दुसऱ्याचे पंधरा मासे. दोन्ही वेळा दोनशे चाळीस हीच संख्या कामाला आली. मूस तापली, हीण जळाले, वजन घटले, पण खरे सोने जितके होते तितकेच राहिले. ते दोनशे चाळीस म्हणजे त्या खऱ्या सोन्याचा आकडा. एवढे मुलाच्या ध्यानात आले की गुणायचे की भागायचे हा प्रश्न उरत नाही.

याच्या उलट बाजूचा प्रश्न सोनाराला रोज पडतो. सोळा कसाचे सोने आहे आणि दहा कसाचे आहे. गिऱ्हाइकाला बारा कसाचा दागिना हवा. दोन्ही किती किती घ्यायचे? आचार्यांची रीत अशी: बारातून दहा वजा करा, दोन उरतात, ते सोळा कसाच्या सोन्याचे वजन. सोळातून बारा वजा करा, चार उरतात, ते दहा कसाच्या सोन्याचे वजन. दोनास चार, म्हणजे एकास दोन. वजाबाक्या तिरप्या करायच्या, एवढे लक्षात ठेवले की झाले. इंग्रजी अंकगणिताच्या जुन्या पुस्तकांत या रीतीला अ‍ॅलिगेशन म्हणत, आणि परीक्षेत ती आजही चालते.

पण नुसती रीत पाठ करणारे मूल दोन दिवसांनी वजाबाकी सरळ करून बसते. तिरपी का, ते सांगायला हवे. सोळा कसाचा प्रत्येक मासा बारापेक्षा चार कस जास्त घेऊन येतो. दहा कसाचा प्रत्येक मासा दोन कस कमी पडतो. एकाचे चार जास्त भरून निघायला दुसऱ्याचे दोन मासे लागतात. म्हणून उंची सोने एक भाग, हलके दोन भाग. आता दुकानातला चहा घ्या. किलोला दोनशे रुपयांचा एक आणि एकशे चाळीसचा दुसरा. मिश्रण एकशे साठने विकायचे आहे. महाग चहा चाळीस रुपयांनी वर, स्वस्त वीस रुपयांनी खाली. म्हणून महाग एक किलो, स्वस्त दोन किलो. ताळा करून पाहा: दोनशे आणि दोनशे ऐंशी मिळून चारशे ऐंशी, तीन किलोंचे. किलोला एकशे साठ. घरी मुलांना घालायला आचार्यांचेच आणखी एक देतो. दहा कसाचे आठ मासे, अकरा कसाचे दोन मासे आणि कस माहीत नसलेले सहा मासे सोने एकत्र वितळवले. लगड बारा कसाची झाली. त्या सहा माशांचा कस किती? उत्तर पंधरा येते, पण मुलांना आधी सांगू नका.

या ग्रंथातली एक गोष्ट मात्र झाकून ठेवण्यासारखी नाही. व्यस्त त्रैराशिक शिकवताना, म्हणजे एक राशी वाढली की दुसरी घटते हे दाखवताना, आचार्यांनी सोळा वर्षांच्या स्त्रीची किंमत बत्तीस निष्क धरली आहे, आणि वीस वर्षांच्या स्त्रीची किती म्हणून विचारले आहे. उत्तर पंचवीस पूर्णांक तीन-पंचमांश. शेजारच्याच ओळीत गाड्याला जुंपलेला बैल आहे. माणसांची विक्री होत होती आणि तिचा हिशेब मुलांना शिकवला जात होता, हे त्यावरून उघड दिसते. आपल्यासारख्यांना हे वाचताना जास्त लागते. आपले पूर्वज कोणी विकत घेतले नव्हते, ते करारावर आले. पण त्यांचीही वये आणि उंची नोंदवहीत उतरवली गेली, आणि त्या वह्या महात्मा गांधी संस्थेने जपून ठेवल्या आहेत. एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांची मजुरी कापायची, हा एकोणिसाव्या शतकातला मळ्यांवरचा नियमही गुणोत्तरच होता. अशी वजाबाकी ज्याच्या मजुरीतून होते त्याला ती करता येत नसेल, तर तो दुसऱ्याच्या बोटांवर विश्वास टाकून घरी जातो. भास्कराचार्यांना थोर म्हणताना त्यांच्या काळाचा हा डाग पुसून टाकू नये असे मला वाटते.

मिश्रणाचे गणित त्यांनीच शोधले असेही नाही. त्यांच्याआधी सुमारे तीनशे वर्षे कर्नाटकात महावीराचार्यांनी या विषयावर भरपूर लिहिले होते. श्रीधर आणि ब्रह्मगुप्त यांचे ऋण तर भास्कराचार्य स्वतःच मान्य करतात. त्यांचे कर्तृत्व निवडीचे आणि मांडणीचे. नियम थोडक्यात, उदाहरण नेमके, आणि भाषा अशी की पाठ करणाऱ्याच्या तोंडात घोळत राहावी. कागद-छापखाने नसताना विद्या टिकवायची तर ती तोंडात घोळलीच पाहिजे होती.

सिद्धान्तशिरोमणीवर त्यांनी स्वतःच टीका लिहिली. बीजगणितात त्यांनी केलेली कामगिरी लीलावतीहून मोठी मानली जाते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. करणकुतूहल हा पंचांगाच्या गणिताचा ग्रंथ ११८३ सालचा आहे. त्या वेळी आचार्यांचे वय एकोणसत्तर होते. तेहेतीस वर्षांनंतरही शिकवण्याची खुमखुमी गेलेली नव्हती, कारण हा ग्रंथ मुद्दाम सोपा केलेला आहे.

पुढच्या काळात लीलावती हिंदुस्थानभर फिरली. आपल्या अनेक घराण्यांची मुळे कोकणात आहेत. त्याच कोकणच्या किनाऱ्यावर नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली तिच्यावर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली आणि आचार्यांनी नुसते नियम दिले होते तिथे ते खरे का, हे समजावले. त्यानंतर फैजीचे फारसी भाषांतर झाले. १८१६ साली जॉन टेलर आणि १८१७ साली कोलब्रुक यांनी तिला इंग्रजीत नेले. भारताने १९७९ आणि १९८१ साली सोडलेल्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव दिले गेले, ते या आचार्यांच्या आणि त्यांच्याआधी पाचशे वर्षे होऊन गेलेल्या पहिल्या भास्कराच्या स्मरणार्थ.

आचार्यांच्या घराचे पुढे काय झाले, ते चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवळात सापडलेल्या शिलालेखावरून कळते. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली विद्वानांपुढे आणला. वर दिलेली पूर्वजांची नावे त्यातच आहेत. आचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून आपल्या दरबारात बोलावून नेले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. केवळ एका गणित्याचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेली अशी शाळा जुन्या काळात क्वचितच आढळते.

मठ काढणे सोपे, चालवणे कठीण, हे ज्यांनी एखादी लहानशी वाचनशाळा चालवली आहे ते जाणतात. त्या मठाला निकुंभ घराण्यातील सोइदेव या तिथल्या मांडलिक राजाने १२०७ साली दान दिले. शिलालेख बहुतेक संस्कृतात आहे, पण बाजाराशी संबंध असलेला मजकूर सरळ मराठीत कोरला आहे; जुन्या मराठीच्या पहिल्या काही नमुन्यांत त्याची गणना होते. ज्याने पैसे द्यायचे त्याला वाचून दाखवले तर कळले पाहिजे, हे उघड कारण दिसते. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरची राजाकडे जाणारी पट्टी मठाला दिली आहे. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळे घ्यायची आहेत. आणि पाटणात तेलाचे जितके घाणे चालतील तितक्या पळ्या तेल, दर घाण्यामागे एक पळी, मठात पोचवायचे आहे.